विमानवाहू नौकेवरचं लढाऊ विमान इंजिन बंद पडून समुद्रात कोसळतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौदलाचं एखादं विमान समुद्रात पडलं की बातमी तीन वाक्यांत आटोपते: तांत्रिक बिघाड झाला, वैमानिक सुखरूप आहे, चौकशीचे आदेश दिले आहेत. शंका मात्र महिनाभर येत राहतात. पुन्हापुन्हा विचारल्या जाणाऱ्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. ज्यांना ते माहीत आहे त्यांनी थेट प्रश्न ४पासून वाचलं तरी चालेल.

१. इंजिन बंद पडलं म्हणजे नेमकं काय होतं? स्फोट होतो का?

बहुतेक वेळा स्फोट वगैरे काही होत नाही. जेट इंजिन पुढून हवा ओढतं, ती दाबतं, त्यात इंधन जाळतं आणि गरम वायू मागे फेकतं. यातली कुठलीही कडी तुटली की जोर जातो. ज्वलनकक्षातली ज्योत विझली तर त्याला फ्लेमआउट म्हणतात. आत येणारी हवा विस्कटली आणि कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाची पाती ती नीट पुढे ढकलू शकली नाहीत, तर तो कॉम्प्रेसर स्टॉल. यात मोठे धडाके ऐकू येतात, कधी पुढूनही ज्वाळा दिसतात, पण इंजिन मोडलेलंच असतं असं नाही. याशिवाय पक्षी आत जाणं, एखादा बोल्ट किंवा आवरण आत ओढलं जाणं, इंधन न पोहोचणं आणि खरोखरीची यांत्रिक मोडतोड ही कारणं आहेतच.

सांगायचं ते हे, की "इंजिन बंद पडलं" हे लक्षण आहे. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्याशी येऊन थांबतील.

२. जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचीही इंजिनं बंद पडतात. मग नौकेवरच्या विमानांचंच एवढं काय?

इंजिन पुन्हा सुरू करायला वेग लागतो, उंची लागते आणि थोडा वेळ लागतो. दहा किलोमीटर उंचीवर इंजिन विझलं तर वैमानिक नाक खाली करून वेग घेतो, वाऱ्याच्या जोरावर पाती फिरत ठेवतो आणि पुन्हा पेटवून बघतो. नौकेच्या आसपास यातलं काहीच हाताशी नसतं. अमेरिकी नौदलाच्या पद्धतीत दिवसा, स्वच्छ हवेत परतणारी विमानं नौकेवरून ८०० फुटांवरून जातात आणि वळून ६०० फुटांवर येतात. शेवटच्या सरळ टप्प्यात पंधरा ते अठरा सेकंद मिळतात. चाकं खाली, फ्लॅप्स खाली, वेग कमी, आणि विमान जवळजवळ इंजिनाच्या जोरावरच तोललेलं.

दुसरं म्हणजे, आसपास पर्यायी धावपट्टी, मोकळं शेत किंवा रिकामा महामार्ग नसतो. जी धावपट्टी आहे ती स्वतःच पुढे पळत असते.

३. दोन इंजिनं असतील तर दुसऱ्यावर उतरता येत नाही का?

येतं, आणि अनेकदा उतरतातही. भारतीय नौदलाच्या मिग-२९के विमानांबद्दल कॅगने २०१६च्या अहवालात नोंदवलं होतं, की २०१०मध्ये ताफ्यात आल्यापासून ६२ टक्के इंजिनं रचनेशी संबंधित दोषांमुळे बाजूला काढावी लागली आणि दहा वेळा विमान एकाच इंजिनावर उतरवावं लागलं. हा आकडा इंजिनाला शोभणारा नाहीच. पण त्या दहा प्रसंगांत विमान परत आलं, तेही लक्षात घ्यायला हवं.

दुसरं इंजिन दोन परिस्थितींत कामी येत नाही. पहिली, दोन्ही इंजिनांवर एकच घाव बसला तर. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी गोव्यात दाबोळीहून उडालेल्या मिग-२९केयूबी या प्रशिक्षण विमानाच्या वाटेत पक्ष्यांचा थवा आला. एक इंजिन विझलं, दुसऱ्याला आग लागली. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन (म्हणजे आसनासकट विमानाबाहेर फेकले जाऊन) वाचले, विमान वस्तीपासून दूर पडलं.

दुसरी परिस्थिती म्हणजे एका बाजूचा जोर गेल्यामुळे विमान त्या बाजूला वळून उलटू लागतं, आणि ते सावरायला उंची नसते. याचं सर्वाधिक चर्चिलेलं उदाहरण म्हणजे २५ ऑक्टोबर १९९४ची सॅन डिएगोजवळची घटना. एफ-१४ टॉमकॅट चालवण्यासाठी पात्र ठरलेल्या अमेरिकेच्या पहिल्या महिला वैमानिक, लेफ्टनंट कारा हल्टग्रीन, अब्राहम लिंकन या नौकेवर उतरत होत्या. वळण थोडं पुढे गेलं. ते सुधारताना विमान तिरकं सरकलं आणि डाव्या इंजिनात शिरणारी हवा बिघडली. त्या काळच्या एफ-१४एची टीएफ-३० इंजिनं अशा तिरक्या हवेला फार नाजूक होती. डावं इंजिन स्टॉल झालं, विमान डावीकडे लोळू लागलं. मागे बसलेल्या अधिकाऱ्याने इजेक्शन हँडल ओढलं आणि तो वाचला. ठरलेल्या क्रमानुसार हल्टग्रीन ०.४ सेकंदांनी बाहेर फेकल्या गेल्या. तेवढ्यात विमान नव्वद अंशांपलीकडे कललं होतं आणि सीट त्यांना घेऊन पाण्याच्या दिशेने गेली.

त्यानंतर बराच काळ वाद झाला तो त्या स्त्री होत्या म्हणून. इंजिनाच्या जुन्या दुखण्याबद्दल त्या मानाने फार कमी बोललं गेलं, हे मला आजही खटकतं.

४. उड्डाण करतानाच इंजिन गेलं तर?

ही सगळ्यात वाईट वेळ. वाफेचं कॅटापुल्ट साधारण ९० मीटरच्या अंतरात, दोन-तीन सेकंदांत विमानाला ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास नेऊन सोडतं. एकदा सुटल्यावर थांबणं नाही. स्की-जंप असलेल्या नौकांवर कॅटापुल्ट नसतं. विमान स्वतःच्या जोरावर धावतं आणि पुढच्या चढावरून हवेत फेकलं जातं. तिथे जोर कमी पडतोय हे कळायला उशीर झाला, तर पुढे फक्त पाणी.

१७ नोव्हेंबर २०२१ रोजी भूमध्य समुद्रात एचएमएस क्वीन एलिझाबेथवर नेमकं हेच झालं. ब्रिटिश एफ-३५बी धावायला लागलं, पण हवा तेवढा जोर येईना. वैमानिकाने उड्डाण रद्द करायचा प्रयत्न केला, पण उरलेल्या डेकवर विमान थांबणं शक्य नव्हतं. विमान चढावरून हळूच पुढे सरकलं आणि टोकावरून खाली गेलं. वैमानिक शेवटच्या क्षणी इजेक्ट झाला आणि बचावला. जहाजावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवणारा पडदा कोणीतरी फोनवर टिपला आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. विमान किती सावकाश पडतं हे बघून अनेकांना तो खोटा वाटला होता.

कारण काय निघालं? इंजिन धडधाकट होतं. विमान उभं असताना हवेच्या तोंडात धूळ-पाणी जाऊ नये म्हणून लावतात ते झाकण आतच राहिलं होतं. ते सरकत जाऊन कॉम्प्रेसरच्या तोंडाशी अडकलं आणि इंजिनाचा श्वास कोंडला.

५. उड्डाणाआधी तपासणी होत नाही का? झाकण राहिलं हे कोणालाच कसं दिसलं नाही?

तपासणी होते. पण एफ-३५बीचा हवेचा मार्ग वळणदार आहे. झाकण आत खोलवर सरकलं की बाहेरून डोकावून दिसत नाही. अशा वेळी भरवसा उरतो तो मोजणीवर: लावली किती, काढली किती, पेटीत परत आली किती. ब्रिटिश चौकशी अहवालाचा रोख एका माणसावर नव्हता. झाकणांची रचना, त्यांचा हिशोब ठेवण्याची पद्धत आणि कामाचा ताण यांच्याकडे तो होता. "कोणाची चूक?" असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुळचट वाटतं. मला ते बरोबर वाटतं, कारण माणूस बदलला तरी तीच पेटी आणि तीच यादी राहणार असते.

डेकवरचा दुसरा पहारा म्हणजे फॉड वॉक, इंजिनात जाऊ शकणारी पडीक वस्तू शोधत चालणं. उड्डाणं सुरू होण्याआधी खलाशी डेकच्या रुंदीभर खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात आणि मान खाली घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. तारेचा तुकडा, वॉशर, रंगाचा पोपडा, पेनाचं टोपण, जे दिसेल ते उचलून खिशात. अधिकारीही रांगेत असतात. याशिवाय खाऱ्या हवेने पात्यांवर मीठ बसतं म्हणून इंजिनं गोड्या पाण्याने धुतात.

६. वैमानिक विमान पाण्यावर अलगद का उतरवत नाही? हडसन नदीत प्रवासी विमान उतरलं होतं ना?

१५ जानेवारी २००९ला हडसनवर उतरलेल्या एअरबस ए-३२०मधले सगळे १५५ जण वाचले, हे खरं. पण त्या विमानाचे पंख लांब होते, पोट गुळगुळीत होतं आणि खाली नदीचं शांत पाणी होतं. लढाऊ विमान इंजिनाशिवाय फार तीव्र उताराने आणि जास्त वेगाने खाली येतं. त्याची हवेची तोंडं पाणी उपसतात, पंखांखाली क्षेपणास्त्रं आणि टाक्या लटकत असतात, आणि खाली लाटा. पाण्याला टेकताच ते कोलांटी खाण्याची किंवा तुटण्याची शक्यता मोठी. प्रवाशांकडे इजेक्शन सीट नव्हती, म्हणून तिथे पाण्यावर उतरणं हा पर्याय होता. ज्याच्याकडे सीट आहे त्याने ती वापरायची.

७. इजेक्ट कधी व्हायचं हे कोण ठरवतं?

वैमानिक. पण तो एकटा नाही. डेकच्या काठावर उतरणाऱ्या विमानांकडे लक्ष ठेवणारा लँडिंग सिग्नल ऑफिसर असतो. त्याला बाहेरून विमानाचा कल आधी दिसतो आणि तो रेडिओवर "इजेक्ट" असं ओरडू शकतो. दोन आसनी विमानात बहुधा दोघांपैकी कोणीही हँडल ओढलं तरी दोघे ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतात. त्या क्रमातला अर्धा सेकंद कधी किती महाग पडतो ते प्रश्न ३मध्ये आलं आहे.

आधुनिक सीट शून्य उंची, शून्य वेगालाही चालते. पण विमान सरळ असेल तर. ते उलटं झालं असेल किंवा वेगाने खाली जात असेल, तर सुरक्षित उंची झपाट्याने वाढते. सीट चांगली असूनही माणूस दगावतो तो यामुळेच.

काही विमानांत निर्णय यंत्राकडे असतो. सोव्हिएत याक-३८ उभ्याने उतरायचं. त्याच्या उचलणाऱ्या इंजिनांपैकी एक जरी गेलं तरी ते इतक्या झटक्यात उलटायचं की माणसाचा हात हँडलपर्यंत पोहोचणं कठीण. म्हणून विमान ठराविक अंशांपलीकडे कललं की सीट आपोआप उडायची. एफ-३५बीमध्येही उभ्याने उतरण्याच्या अवस्थेसाठी स्वयंचलित इजेक्शन आहे.

८. नौकेच्या पुढ्यात पडलेल्या वैमानिकावरून नौकाच जात नाही का?

भीती रास्त आहे. १३ ऑक्टोबर १९५४ रोजी एचएमएस अल्बियनवरून कॅटापुल्टने सुटलेल्या वायव्हर्न विमानाचं इंजिन सुटता सुटता विझलं. (वायव्हर्न टर्बोप्रॉप होतं, शुद्ध जेट नव्हे; तरी उदाहरण इथलंच.) झटक्याच्या जोराने इंधन इंजिनापर्यंत पोहोचलं नाही. विमान नौकेच्या पुढे पाण्यात पडलं आणि नौकेने त्याचे दोन तुकडे केले. वैमानिक लेफ्टनंट ब्रूस मॅकफार्लेन पाण्याखाली बुडत्या कॉकपिटमधून इजेक्ट झाले आणि वाचले. सीट पाण्याखाली वापरण्यासाठी बनवलेली नव्हती. तेव्हा याला उपाय समजू नका, नशीब समजा.

आज उड्डाणं चालू असताना बचाव हेलिकॉप्टर नौकेजवळ हवेतच घिरट्या घालत असतं. पूर्वी हे काम मुख्यतः मागून येणारी विनाशिका करायची आणि त्यातही जीव गेले. १९६४मध्ये ऑस्ट्रेलियाची व्हॉयेजर ही विनाशिका याच कामावर असताना मेलबर्न या विमानवाहू नौकेसमोर आली आणि टकरीत ८२ जण दगावले. १९६९मध्ये त्याच मेलबर्नसमोर अमेरिकेची फ्रँक ई. इव्हान्स आली, तिथे ७४ जण गेले. एका वैमानिकाला वाचवायला उभी केलेली व्यवस्था शेकडोंच्या जिवावर उठू शकते, हे नौदलं यातून शिकली.

९. पाण्यात पडल्यावर वैमानिक किती वेळ तग धरतो?

पाण्याच्या तापमानावर सगळं अवलंबून. कोमट समुद्रात कित्येक तास, गोठवणाऱ्या पाण्यात विशेष पोशाख नसेल तर फारच थोडा वेळ. बुडण्याआधीचा मोठा धोका पॅराशूटचा असतो: वाऱ्याने ते फुगलं तर माणसाला फरपटत नेतं, भिजून बुडालं तर दोऱ्यांसकट खाली ओढतं. म्हणून अमेरिकी नौदलाच्या पॅराशूटना खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच आपोआप सुटणारी कडी असते. लाइफ जॅकेट, सीटखालच्या संचातला छोटा तराफा, पाण्यात हिरवा पट्टा उमटवणारा रंग आणि ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश देणारा बीकन ही बाकीची शिदोरी. मात्र इजेक्शनच्या झटक्याने मणक्याला इजा झालेली असू शकते, हात निखळलेला असू शकतो. "वैमानिक सुखरूप" याचा अर्थ कित्येकदा "वैमानिक जिवंत" एवढाच असतो.

१०. इंधन संपून इंजिन थांबलं, तर तो इंजिनाचा बिघाड धरायचा का?

नोंदीत कुठलाही रकाना असो, इंजिनाचा दोष तो नव्हे. नोव्हेंबर २०१६मध्ये रशियाच्या अ‍ॅडमिरल कुझनेत्सोव्हवरचं मिग-२९के भूमध्य समुद्रात पडलं. त्या वेळच्या वृत्तांनुसार उतरणाऱ्या विमानाला अडकवून थांबवणारी नौकेवरची तार बिघडली होती. दुरुस्तीची वाट बघत विमान हवेत थांबलं आणि इंजिनांना इंधन मिळेनासं झालं. वैमानिक वाचला. तीन आठवड्यांच्या आत तारेच्याच भानगडीत त्याच नौकेवरचं सू-३३ही गेलं. दोष शोधायचा तो डेकवर.

याच्या उलट ६ जून १९८३. रॉयल नेव्हीच्या एका सी हॅरियरच्या तरुण वैमानिकाला पोर्तुगालजवळ आपली नौका सापडेना, इंधन संपत आलं. त्याला अलरायगो हे स्पॅनिश मालवाहू जहाज दिसलं आणि त्याने सरळ कंटेनरांवर विमान उतरवलं. ते थोडं घसरून खालच्या व्हॅनवर टेकलं, पण विमान आणि माणूस दोन्ही शाबूत. उभ्याने उतरणारं विमान होतं म्हणून जमलं. तारेवर अवलंबून असलेल्या विमानाला असली सोय नाही.

११. इंजिन बंद न पडता उलट पूर्ण जोरावर अडकलं तर?

तरीही विमान समुद्रातच जातं. १४ सप्टेंबर १९७६ रोजी स्कॉटलंडजवळ जॉन एफ. केनेडी या नौकेवर एका एफ-१४चं इंजिन डेकवर असतानाच बेकाबू झालं. ब्रेक लावूनही विमान घसरत काठाकडे गेलं. दोघे इजेक्ट झाले आणि विमान फिनिक्स क्षेपणास्त्रासह बुडालं. ते दोन्ही सोव्हिएत हाती लागू नयेत म्हणून अमेरिकेने एनआर-१ ही छोटी अणुपाणबुडी लावून ते शोधून काढलं.

१२. पडलेलं विमान इतका खर्च करून वर का काढतात?

दोन कारणं: चौकशी आणि गुपितं. प्रश्न ४मधलं एफ-३५बी तीन-चार आठवड्यांत वर काढलं. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेच्या कार्ल व्हिन्सन या नौकेवर उतरताना डेकवर आपटून दक्षिण चीन समुद्रात पडलेलं एफ-३५सी (इंजिनाचा दोष नव्हता) त्याच वर्षी २ मार्चला सुमारे १२,४०० फूट खोलीवरून उचललं. आधी सोनारने तळ चाचपायचा, मग दूरनियंत्रित यंत्राने दोर अडकवायचे, मग जहाजावरच्या क्रेनने ओढायचं. विमान जुनं असेल, गुपित काही नसेल आणि कारण स्पष्ट असेल, तर बरेचदा ते तळाशीच सोडून देतात.

१३. दुसऱ्या देशाने ते आधी शोधलं तर ते त्यांचं होतं का?

नाही. लष्करी विमान बुडालं तरी मालकी त्याच देशाची राहते, असं बहुतेक सागरी सत्ता मानतात. अमेरिकेचा २००४चा कायदा बुडालेल्या लष्करी विमानांनाही लागू होतो. ब्रिटनच्या १९८६च्या कायद्यानुसार कोसळलेल्या लष्करी विमानाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण चार किलोमीटर खाली पहारा कोण देणार? म्हणून कायदा आपल्या बाजूने असतानाही नौदलं घाई करतात.

१४. पहिल्या दिवशी "तांत्रिक बिघाड" म्हणतात आणि नंतर काहीच कळत नाही, असं का?

पहिल्या दिवशी खरोखरच तेवढंच माहीत असतं. त्यापुढे देशादेशांत फरक आहे. ब्रिटनने प्रश्न ४मधल्या अपघाताचा सविस्तर अहवाल काही भाग झाकून २०२३मध्ये जाहीर केला. कित्येक नौदलं चौकशी आतल्या आतच ठेवतात. गोपनीयतेचं कारण काही अंशी पटतं. मात्र झाकणांची मोजणी कशी चुकली यात शत्रूला उपयोगी पडेल असं फारसं काही नसतं, आणि दुसऱ्या नौकेवरच्या तंत्रज्ञाला त्याचा उपयोग पुष्कळ असतो.

१५. विमान नौकेच्या ताफ्यातलं, पण उडालं किनाऱ्यावरच्या तळावरून आणि पडलं समुद्रात. ते कुठे मोजायचं?

यावरून आकडे हमखास जुळत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२२ला गोव्याच्या समुद्रात पडलेलं मिग-२९के तळाकडे परतत असताना त्यात तांत्रिक बिघाड झाला होता, वैमानिक वाचला. विमान नौकेवर चालणारं, पण त्या दिवशी कॅटापुल्ट, स्की-जंप किंवा तार यांचा संबंध नव्हता. प्रश्न ३मधलं २०१९चं विमान तर जमिनीवरच पडलं. कोणी "नौकेवरच्या विमानांचे इतके अपघात" असा आकडा सांगितला, तर त्यात ही विमानं धरली आहेत का ते आधी विचारा. विमानाच्या भरवशाबद्दल बोलायचं असेल तर ती धरावीत; डेकवरून उडण्याच्या धोक्याबद्दल बोलायचं असेल तर वगळावीत.